बॉयलरमेकर : वाफेच्या कारागिराची घडण

पोलादी पत्रा आणि नळ्या यांच्यापासून वाफेचा दाब सोसणारे भांडे घडवणारा, ते जागेवर उभारणारा आणि पुढे त्याची डागडुजी करणारा कारागीर म्हणजे बॉयलरमेकर. अमेरिकेत आणि कॅनडात हा एकाच माणसाचा व्यवसाय आहे. भारतात त्याचे काम चार-पाच जणांत वाटलेले असते. पत्र्यावर मार्किंग करून तो कापणारा आणि रोलिंग मशीनवर वाकवणारा फॅब्रिकेटर, नळ्या बसवणारा फिटर, सांधे जोडणारा वेल्डर, आणि टनावारी वजनाचा ड्रम उचलून नेमक्या जागी ठेवणारा रिगर, ज्याला साइटवर अजूनही खलाशी म्हणतात, हे सगळे मिळून बॉयलर उभा करतात. म्हणूनच आयटीआयच्या व्यवसायांच्या यादीत ‘बॉयलरमेकर’ शोधणाऱ्या मुलाला हा शब्द सापडत नाही. हा व्यवसाय एका अभ्यासक्रमातून मिळत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागतो. कोणता तुकडा आधी घेतला आणि कोणता नंतर, यावर माणसाची पुढची वीस वर्षे अवलंबून असतात.

त्याच्या कामाला मागणी किती राहील, हे मात्र फक्त कारखान्यांच्या भरभराटीवर ठरत नाही. कोणते इंधन जाळायचे, धूर किती चालेल, सांडपाण्याचे काय करायचे हे ठरवणारे निर्णय दिल्लीत होतात. त्यांतले काही मंडी हाऊसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर होतात. त्याबद्दल पुढे येईलच. आधी कामाचे स्वरूप पाहायला हवे.

पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान साध्या हवेच्या दाबाला सुमारे सोळाशे पट वाढते. बॉयलरमध्ये ही वाढ पोलादाच्या भिंतींनी अडवून धरलेली असते. भिंत कुठे फाटली तर दाब एकदम उतरतो आणि आतले अतितप्त पाणीही क्षणात वाफ होऊन बाहेर झेपावते. बॉयलरच्या स्फोटात इमारती कोसळतात त्या यामुळे. एकोणिसाव्या शतकात गिरण्या आणि गोद्या वाढल्या तसे स्फोटही वाढले. १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या एका स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे नियम आले, आणि ते एका सूत्रात आणणारा भारतीय बॉयलर कायदा १९२३ मध्ये मंजूर झाला. त्याखालचे तांत्रिक नियम १९५० चे. ‘इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स’ या नावाची आद्याक्षरे घेऊन झालेला ‘आयबीआर’ हा शब्द आज शॉपफ्लोअरवर विशेषणासारखा वापरला जातो : आयबीआर पाइप, आयबीआर व्हॉल्व्ह, आयबीआर वेल्डर. शंभर वर्षांनंतर, २०२५ मध्ये, संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आणला. त्यात सात गुन्ह्यांपैकी जीवित-वित्तहानी घडवू शकणाऱ्या चार गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम ठेवली आहे. दुरुस्ती पात्र आणि सक्षम माणसांच्याच देखरेखीखाली व्हावी, यावरही भर दिला आहे. कारागिराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच. बॉयलरवर कोणी हात लावायचा हे कायदा ठरवतो, आणि म्हणून या कामात हातातल्या कौशल्याइतकीच किंमत खिशातल्या प्रमाणपत्राला असते.

पहिला तुकडा आयटीआयचा. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, त्याला आठवी उत्तीर्ण पुरते. फिटरचा दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. दिल्लीत पुसा आणि अरब की सराई इथल्या संस्था जुन्या. लवकर कमाई सुरू व्हावी म्हणून बहुतेक मुले वेल्डरकडे वळतात. बॉयलरच्या कामात दूर जायचे असेल तर आधी फिटर आणि मग वेल्डिंग हा रस्ता जास्त पक्का. फिटरला ड्रॉइंग वाचता येते, माप घेता येते, लेव्हल आणि प्लंब समजतो. वेल्डिंग हाताला नंतर बसवता येते. ड्रॉइंग वाचण्याची सवय मात्र तिशीनंतर लागणे अवघड जाते, आणि सुपरवायझरची जागा अडते ती तिथेच. दहावी सोडून आठवीवर आयटीआय करणाऱ्यांनी दहावी बाहेरून का होईना पूर्ण करावी. तिचा उपयोग परदेशाच्या वेळी होतो.

दुसरा तुकडा अप्रेंटिसशिपचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात घालवलेला काळ विद्यावेतनाच्या आकड्यावरून मोजू नये. पुणे परिसरात बॉयलर बनवणाऱ्या कंपन्यांची मोठी परंपरा आहे. १९६६ मध्ये वॉन्सन इंडिया या नावाने सुरू झालेली थरमॅक्स चिंचवडची, फोर्ब्स मार्शल कासारवाडीची, तर साखर कारखान्यांची यंत्रसामग्री करणारी वालचंदनगर इंदापूर तालुक्यातली. अशा ठिकाणी शिकाऊ मुलाला पत्र्यापासून चाचणीपर्यंतची सगळी साखळी दिसते. पत्रा रोलमधून गोल होऊन येतो, त्याला डिश एंड जोडला जातो, ट्यूबशीटला भोके पडतात, भोकांत नळ्या घालून एक्सपांडरने त्या आतून फुगवून घट्ट बसवतात. शेवटी हायड्रो टेस्ट. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आतली हवा पूर्ण काढून, नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देतात. चाचणी पाण्याने घेण्याचे कारण साधे आहे. पाणी दाबले तरी जवळजवळ आक्रसत नाही, त्यामुळे त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. सांधा कच्चा असेल तर थेंब येतो, स्फोट होत नाही. हवेचा एक फुगा आत राहिला तर हे गणित बिघडते, म्हणून व्हेंटमधून पाण्याची सलग धार येईपर्यंत थांबावे लागते. हे पुस्तकात वाचणे वेगळे, आणि थंड ड्रमवर हात फिरवत घामासारखा ओलावा शोधणे वेगळे.

तिसरा तुकडा सगळ्यांत कठीण : उच्चदाब वेल्डरचे प्रमाणपत्र. ही परीक्षा बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकासमोर होते. (बाष्पक हा शासकीय शब्द, कारखान्यात तो कोणी वापरत नाही.) ‘सिक्स-जी’ ही त्यातली कसोटीची स्थिती. नळीचे दोन तुकडे, टोके तिरपी घासलेली, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून टॅक केलेले. ही नळी जमिनीशी पंचेचाळीस अंशांत पक्की आवळतात. नळी फिरवायची नाही, फिरायचे ते वेल्डरने. खालच्या टोकापासून सुरुवात, आधी एका बाजूने वर, मग दुसऱ्या बाजूने. पहिला थर आर्गन वेल्डिंगचा. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हाताच्या बोटांनी फिलर वायर पुढे सरकवत राहायची आणि दोन्ही कडा वितळून समोर बारीक भोक उघडे राहते आहे ना, यावर नजर ठेवायची. ते भोक मिटले तर आतपर्यंत धातू पोचला नाही, मोठे झाले तर आत लोंबला. हा पहिला थर, म्हणजे रूट, जमला की वरचे थर इलेक्ट्रोडचे. हे इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये भाजून गरम ठेवलेले असतात, कारण त्यातल्या ओलाव्यातून हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि तासांनी, कधी दिवसांनी, तडा जातो. मग एक्सरे. फिल्मवर काळे ठिपके म्हणजे अडकलेले वायूचे बुडबुडे, मधोमध काळी रेघ म्हणजे न भरलेला रूट. सांध्यातून पट्ट्या कापून त्या यूच्या आकारात वाकवतात. वाकवताना सांधा उघडला तर नापास. उत्तीर्ण झालेल्याच्या प्रमाणपत्रावर कोणती पद्धत, कोणती स्थिती, कोणता धातू आणि किती जाडी हे लिहिलेले असते. त्याबाहेरच्या कामाला पुन्हा चाचणी, आणि मुदत संपली की पुन्हा चाचणी.

साध्या कार्बन स्टीलवर ही परीक्षा पास होणारे पुष्कळ. मिश्रधातूच्या नळ्यांवर संख्या झपाट्याने कमी होते. सुपरक्रिटिकल बॉयलरमध्ये वापरले जाणारे ‘पी-९१’ हे क्रोमियमयुक्त पोलाद वेल्डिंगआधी दोनशे अंशांच्या वर तापवावे लागते आणि नंतर सुमारे ७६० अंशांवर ठरावीक वेळ ठेवून सावकाश थंड करावे लागते. घाई झाली तर सांधा दिसायला सुबक आणि आतून काचेसारखा ठिसूळ. या कामाचे देशातले मोठे शिक्षणकेंद्र तिरुचिरापल्लीला आहे : भेलच्या उच्चदाब बॉयलर कारखान्यालगतची, १९७५ मध्ये स्थापन झालेली वेल्डिंग संशोधन संस्था. नागपूरजवळच्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन सुपरक्रिटिकल संच आहेत. म्हणजे विदर्भातल्या मुलासाठी हे कौशल्य घरापासून दूरच्या जगातले नाही.

महाराष्ट्रात बॉयलरवाल्याचे वर्ष ऊस ठरवतो. गळीत हंगाम संपला की एप्रिल-मेपासून कारखान्यात ऑफ सीझन सुरू होतो आणि बॉयलर उघडला जातो. मॅनहोलमधून आत उतरून ड्रम खरवडायचा, नळ्यांतला खवला काढायचा, जाडी मोजायच्या यंत्राने एकेक नळी तपासायची. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, राखेत सिलिका असते, ती वाळूच्या फवाऱ्यासारखी नळ्या घासत राहते. वळणावरच्या नळ्या बाहेरून शाबूत दिसतात आणि निम्म्याने पातळ झालेल्या असतात. बदलायच्या नळ्यांवर खडूने फुल्या पडतात. पावसाळाभर कापणे, जोडणे, एक्सरे, हायड्रो हे चालते. मग निरीक्षक येतो, आत शिरून पाहतो, प्रमाणपत्र मिळते. दसऱ्याच्या सुमाराला ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ असते. पत्रिका निघते, सपत्नीक पूजा होते, अध्यक्षांच्या हस्ते अग्नी दिला जातो. साखर कारखान्याच्या गावात दिवाळीआधीचा हा पहिला सोहळा. छायाचित्रात संचालक मंडळ असते. आत खांद्यापर्यंत काजळी माखून चार महिने काम केलेला माणूस त्या वेळी बहुधा गेज ग्लासकडे पाहत उभा असतो. त्याचे नाव पत्रिकेत छापायला हवे.

या कारखान्यांचे बॉयलर बदलले आहेत. पूर्वी सहकारी कारखान्यांत २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर काम भागत असे. सहवीजनिर्मिती आली तसे ६७, ८७, ११० किलोचे बॉयलर बसू लागले. दाब पाचपट झाला की जुन्या पद्धतीने ‘बसवून घेणारा’ मिस्त्री पुरत नाही, प्रमाणित वेल्डर लागतो. साखर तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पुण्याजवळ मांजरीला आहे. कारखान्यात कायम होण्याची इच्छा असणाऱ्याने बॉयलर अटेंडंटची परीक्षाही द्यावी, आधी द्वितीय श्रेणी, मग प्रथम. दुरुस्ती येणारा आणि चालवण्याचा परवाना असलेला माणूस हंगामातही कामावर राहतो, ऑफ सीझनलाही. नुसता वेल्डर निम्मे वर्ष गावोगाव हिंडतो.

वीज प्रकल्पांत ऋतूऐवजी शटडाऊन असतो. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी इथल्या संचांचे ओव्हरहॉलिंग ठरलेल्या दिवसांत संपवावे लागते, म्हणून पाळ्या बारा तासांच्या, मजुरी रोजाने किंवा ‘इंच-डाया’ने, म्हणजे जोडलेल्या नळीच्या व्यासाच्या इंचांवर. ट्यूब लीकेज झाले की रात्री दोनलाही फोन येतो. पैसा इथे चांगला मिळतो, पण तो ठेकेदारामार्फत येतो. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआय आणि ओव्हरटाइमची नोंद आपणच तपासत राहावी लागते, साइट बदलली की तेच खाते पुढे चालवावे लागते.

शरीराची किंमतही स्पष्ट सांगायला हवी. ग्लासगोचे कर्णतज्ज्ञ थॉमस बार यांनी १८८६ मध्ये शंभर बॉयलरमेकर तपासले. एकाचेही ऐकणे पूर्ण शाबूत आढळले नाही. त्या काळी रिव्हेट ठोकताना एक जण ड्रमच्या आत बसून रिव्हेटचे डोके दाबून धरत असे. वैद्यकात ‘बॉयलरमेकरचा बहिरेपणा’ हा शब्दच रूढ झाला. रिव्हेट गेले, ग्राइंडर आला; ड्रममध्ये त्याचा आवाज तसाच कोंडतो. कानातले बोळे वीस रुपयांचे, आणि तेच सर्वांत आधी टाळले जातात. बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी हवेतला ऑक्सिजन मोजणे, आत २४ व्होल्टचाच दिवा नेणे, बाहेर एक माणूस उभा असणे, या गोष्टी हक्काने मागाव्यात. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशातल्या उंचाहार वीज प्रकल्पात ५०० मेगावॅटच्या संचात दुर्घटना होऊन चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यात कंत्राटी कामगार पुष्कळ होते. काम थांबवा असे म्हणण्याचा अधिकार प्रत्यक्ष बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला असायला हवा, ही मागणी अशा दुर्घटनांतून आली आहे आणि ती रास्त आहे.

आता कोपर्निकस मार्ग. मराठी माणसाला तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक असतो. याच मार्गावरच्या फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. १८ ऑक्टोबर २०१० ला स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाने बॉयलरचा प्रश्न केवळ धुराचा मानलेला नाही. १ जुलै २०२० ला तमिळनाडूतल्या नेवेलीच्या वीज प्रकल्पात बॉयलरचा स्फोट झाला, तेव्हा त्याने स्वतःहून दखल घेऊन पाच कोटी रुपयांची अंतरिम भरपाई भरायला लावली. दिल्लीतल्या ओखल्याच्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचा वादही इथेच चालला. कचरा जाळणाऱ्या बॉयलरमध्ये प्लास्टिकमधला क्लोरीन नळ्या खातो, त्यामुळे अशा ठिकाणी नळ्या बदलण्याचे काम सतत निघते.

कामाची मागणी आदेशांनी कशी वळते याचे सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीच्या आसपासचेच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटकोक आणि फर्नेस ऑइलवर बंदी घातली. पुढे हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून एनसीआरमधल्या उद्योगांत कोळसा बंद केला, औष्णिक वीज प्रकल्प तेवढे वगळले. पानिपत, सोनिपत, फरीदाबाद, गाझियाबाद इथल्या रंगकाम, कागद आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतले कोळशाचे बॉयलर गॅसवर किंवा बायोमासवर न्यावे लागले. भट्टीची रचना बदलणे, बर्नर बसवणे, नळ्यांची मांडणी सुधारणे, नवी मंजुरी घेणे असा तो सगळा व्याप. या बदलात कोळसा ओढणाऱ्या फायरमनची गरज घटली. नळी जोडणाऱ्याची वाढली. आयटीओजवळचे इंद्रप्रस्थ औष्णिक केंद्र २००९ अखेर आणि बदरपूरचे २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हाही काम संपले ते संच चालवणाऱ्यांचे. प्रमाणित कारागिराला दुसऱ्या साइटवर जाता येते.

महाराष्ट्रात हाच प्रवाह आसवनींतून वाहतो. आसवनीचे सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, बाहेर सोडायचे नाही या बंधनामुळे ते आटवून जाळणारे इन्सिनरेशन बॉयलर बसत आहेत, आणि इथेनॉलमुळे आसवन्या वाढल्या आहेत. पोटॅशयुक्त राखेने या बॉयलरच्या नळ्या लवकर चोंदतात. स्वच्छता आणि दुरुस्ती साध्या बॉयलरपेक्षा अधिक. सांडपाण्याच्या तक्रारी न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठापुढे जातात. शिवाय २०३१-३२ पर्यंत सुमारे ८० गिगावॅट नवी कोळसा क्षमता उभारण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. पुढच्या दहा वर्षांत या कारागिराला काम कमी पडेल असे म्हणायला आधार नाही. त्यानंतर कोळशाचे काम घटले तरी वाया जाणारी उष्णता पकडणारे बॉयलर, कचरा आणि बायोमास यांवर त्याच हातांची गरज लागणार.

फरीदकोट हाऊसच्या शेजारी बडोदा हाऊस आहे, लट्यन्सने गायकवाडांसाठी बांधलेला महाल. आज तिथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. देशातले चालू स्थितीतले एक वाफेचे इंजिनशेड, दिल्लीपासून ऐंशीएक किलोमीटरवरचे रेवाडी, याच रेल्वेच्या व्यवस्थेत. १८९३ चे हे शेड, आणि इथे ज्या इंजिनांनी मुक्काम केला त्यांत १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ही आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ रेल्वेवरचे वाफेचे इंजिनही १९९४ मध्ये थांबले. इंजिनांचे बॉयलर सांभाळणारे कारागीर आता अशाच शेडांत उरले आहेत. इंजिनाच्या भट्टीची आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टे बोल्टांनी एकमेकींना धरून ठेवलेली असते. प्रत्येक स्टेच्या मध्यातून बारीक भोक नेलेले असते. स्टे तुटला की त्या भोकातून पाणी झिरपून खबर देते. जुना बॉयलरमेकर त्याआधीच हातोडी टेकवून आवाजावरून ओळखतो. शाबूत स्टे खणखणतो, तुटलेला मंद वाजतो. वारसा गाड्यांसाठी हे काम थोडे पण टिकाऊ आहे. तमिळनाडूत गोल्डन रॉक कार्यशाळेने २०११ पासून निलगिरी रेल्वेसाठी नवी वाफेची इंजिने बांधली, ती याच विद्येवर.

बढतीच्या वाटा दोन. आयटीआयवाला वेल्डरपासून फोरमन, पुढे वेल्डिंग किंवा क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. एक्सरे फिल्म वाचण्याचे आणि अल्ट्रासोनिक तपासणीचे प्रमाणपत्र घेतले तर शरीर थकल्यावरही काम राहते. यांत्रिकीची पदविका किंवा पदवी असलेला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देतो, आणि पदवीधराला अनुभवानंतर सरकारी बॉयलर निरीक्षकाची वाट खुली असते.

परदेशात आखाती देशांतले रिफायनरी शटडाऊन हा बहुतेकांचा पहिला अनुभव असतो. कॅनडात बॉयलरमेकर हा ‘रेड सील’ व्यवसाय, अमेरिकेत त्याची अप्रेंटिसशिप चार वर्षांची. दोन्हीकडे भारतीय अनुभवाची कागदपत्रे तपासली जातात, म्हणून प्रत्येक साइटचे अनुभवपत्र आणि चाचणीचा अहवाल जपून ठेवावा लागतो. दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीची अट राहत नाही. नसलेल्याला आखातात जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते. एजंट ई-मायग्रेट यंत्रणेत नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला घेता येणारी फी कायद्याने तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. त्याहून अधिक मागणारा एजंट बेकायदा वागतो आहे, आणि त्याची तक्रार त्याच कार्यालयाकडे करता येते.